झडपेतलं कॅल्शियम मोजताना

वय वाढतं तशी हृदयातली महाधमनीची झडप कॅल्शियम साचून कडक होऊ शकते, आखडू शकते. ती किती आखडली हे सांगणारे इकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे, आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, की सीटी स्कॅन कामी येतो. इंजेक्शन नाही, क्षणभर श्वास रोखायचा. कॅल्शियम पांढरंशुभ्र उमटतं, त्याचे गुण मोजतात.

पण स्त्री-पुरुषांना एकच माप लावू नये. पुरुषांत साधारण 2000, स्त्रियांत 1200 गुणांपुढे आजार तीव्र असण्याची शक्यता मोठी. स्त्रियांची झडप तंतुमय होऊनही आखडते, आणि ते तंतू या स्कॅनमध्ये मोजले जात नाहीत. किरणांची भीती वाटते? मात्रा थोडी असते. झडप बदलायची का, हे या स्कॅनवर ठरणार असेल, तर तेवढी मात्रा रास्तच.

पुन्हा सांगते, स्त्रियांचं माप वेगळं. गुण कमी आले, तरी चालताना धाप लागत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.