कर्जाचा सल्लागार कसा पारखावा



आजचा विषय छापील पत्रिकेत वाचून आपल्यापैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी चिटणीसांना विचारले म्हणे, "कर्ज काढताना कोणाला विचारले नाही, मग फेडताना कशाला विचारायचे?" प्रश्न खोचक आहे, पण आमच्या मते त्यातच व्याख्यानाचे निम्मे काम झाले. कर्ज काढताना माणूस विचारीत नाही, कारण त्याला घाई असते. फेडताना विचारतो तेव्हा तो भ्यालेला असतो. आणि भ्यालेल्या माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तहसिलीच्या आवारात भेटतात, चहाच्या टपरीवर भेटतात, परमेश्वराच्या यात्रेत भेटतात आणि हल्ली मोबाइलवरही भेटतात.

असा मध्यस्थ असावा ही कल्पना नवी नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात एक सोय अशी होती की, सावकाराने शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी सरकारने नेमलेल्या सलोखेकऱ्याकडे जावे, त्याने दोघांना समोरासमोर बसवून तोडगा निघतो का ते पाहावे आणि न निघाल्यास तसा दाखला द्यावा. हा कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. आपण त्या काळी निजामाच्या राज्यात, तेव्हा आपल्या वाढोण्याच्या कुणब्याला त्याचा उपयोग शून्य. स्वातंत्र्यानंतर गोरवाला समितीने ग्रामीण कर्जाची पाहणी केली. तिचा अहवाल १९५४ साली आला. त्यात दिसले की, शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३ च्या आसपास होता आणि सावकारांचा शेकडा ७० च्या घरात. पुढे गावोगाव सोसायट्या झाल्या, बँका आल्या. तरी अडचणीच्या वेळी आपण पाय वळवितो ते ओळखीच्या माणसाकडेच.

आता या ओळखीच्या माणसाचे पाहू. आपल्याकडे पीककर्जाचे 'नवं-जुनं' करतात, हे येथे कोणाला सांगावयास नको. समजा, एक लाखाचे कर्ज थकले. मध्यस्थ म्हणतो, "काका, काळजी करू नका, आठ दिवसांपुरते पैसे मी उभे करतो, तुम्ही जुने भरा, नवे मंजूर झाले की माझे द्या." आठ दिवसांचे तो तीन हजार घेतो. काकांना वाटते, सुटलो. प्रत्यक्षात लाखाचे देणे लाखच राहिले आणि पदरचे तीन हजार गेले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हा मनुष्य वाईट असतोच असे नाही, कित्येकदा तो नात्यातलाही असतो. पण आपले कर्ज कधी फिटूच नये यात त्याचा फायदा आहे. म्हणून सल्लागाराला पहिला प्रश्न विचारावा तो हा की, बाबा, तुझी मिळकत कशातून? बँकेकडून दलाली, आपल्याकडून टक्केवारी, की पगार? जो हे सरळ सांगत नाही त्याच्या ओट्यावरून उठावे.

दुसरा प्रकार याहून भयंकर. "जमिनीचे खरेदीखत करून द्या, कागदावर तेवढेच, पैसे फिटले की परत फिरवून देतो." आमच्या पाहण्यातील एका कुटुंबाने अशा शब्दावर विसंबून पाच एकर लिहून दिले. सल्ला देणारा आणि पैसे देणारा आतून एकच होते, हे त्यांना फेरफार झाल्यावर कळले. असे झाले असेल त्यांनी हातपाय गाळू नयेत. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात सोय आहे. सावकारीच्या ओघात जमीन गेली असेल आणि व्यवहार अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतला असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते सिद्ध झाल्यास जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. त्याच कायद्याखाली परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला लावावयाचे व्याज तारणी कर्जास सालीना शेकडा ९ आणि बिनतारणी कर्जास १२ असे ठरविले गेले. आपल्याकडे मात्र "शेकडा तीन" म्हणतात ते महिन्याचे. पन्नास हजारांवर वर्षाला अठरा हजार! बारा टक्क्यांनी ते सहा हजारच झाले असते. जो सल्लागार हा हिशेब आपल्यासमोर पाटीवर मांडून दाखवीत नाही, तो सल्लागार कसला?

तिसऱ्या प्रकाराचे लोक शहरातून जाहिराती करतात. "कर्ज माफ करून देतो, कर्जमुक्तीचे प्रमाणपत्र देतो, फी आधी भरा." ११ डिसेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने यांच्याबद्दल लोकांना जाहीर सावध केले. असे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही आणि त्याने कर्ज फिटत नाही. शासनाने कर्जमाफी केली तर ती शासनाच्या निर्णयाने होते, कोणा एजंटाच्या शिक्क्याने होत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे समजून लाजण्याचे कारण नाही. अमेरिकेत कर्जसल्ला देणाऱ्या संस्थांचा राष्ट्रीय संघ १९५१ पासून आहे. त्याच देशात २००३ साली सरकारी व्यापार आयोगाने अमेरिडेट नावाच्या संस्थेवर फिर्याद केली. संस्था स्वतःला 'नफा न घेणारी' म्हणवीत होती, आणि आरोप असा होता की, कर्जदाराने भरलेला पहिला हप्ता सावकारांना न देता ती फी म्हणून ठेवून घेई. तेव्हा पाटीवर 'सेवाभावी' लिहिले आहे एवढ्यावर भाळू नये.

मग जावे कोठे? २००९ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना कर्जसल्ला केंद्रांची योजना घालून दिली. सल्ला फुकट द्यावा, केंद्राने बँकेपासून अंतर राखावे आणि तेथून बँकेचा माल विकू नये, अशा तिच्या अटी होत्या. २०१२ पासून त्यांना वित्तीय साक्षरता केंद्रे म्हणतात. आमचे स्पष्ट मत असे की, या नावबदलाबरोबर कर्जाच्या सल्ल्याचे काम मागे पडले आणि खाते-विम्याची माहिती पुढे आली. तरीही अग्रणी बँकेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन "आमच्या कर्जाचा हिशेब बसवून द्या" असे नेमके मागावे. मागितल्याशिवाय मिळत नाही. कज्जा कोर्टात गेला असेल तर तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना मिळकत न पाहता तेथे मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड करता येते, पण सही करण्यापूर्वी विचार करावा, कारण त्या निवाड्यावर अपील नाही.

तडजोडीचेही एक सांगून ठेवतो. बँक कमी रकमेत खाते मिटवते तेव्हा सिबिलच्या नोंदीत 'पूर्ण फेड' असे न लिहिता 'तडजोड' असे लिहिले जाते आणि पुढच्या कर्जाला ते आडवे येऊ शकते. कधी कधी तडजोडीवाचून इलाजही नसतो. पण चांगला सल्लागार ही बाजू आधी सांगतो आणि बेबाकी दाखला घेतल्याशिवाय घरी जाऊ देत नाही.

गटाचे कर्ज घेतलेल्या भगिनींसाठी थोडेसे. २०२२ च्या नियमांप्रमाणे घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून अधिक होतील असे कर्ज संस्थेने देऊच नये, आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी किंवा सायंकाळी सहानंतर दारात येऊ नये. एक हप्ता भरण्यास दुसऱ्या संस्थेचे कर्ज काढा असे जी ताई सांगेल, ती कितीही गोड बोलो, तिचे ऐकू नका.

उद्या सकाळी नऊ वाजता याच मांडवात आमचे एक वकील मित्र आणि एक निवृत्त गटसचिव बसणार आहेत. ज्यांना हिशेब दाखवावयाचा असेल त्यांनी सातबारा, पासबुक आणि असतील त्या चिठ्ठ्या आणाव्यात. छायाप्रती आणा, अस्सल कागद घरीच ठेवा. कोऱ्या कागदावर सही कोणी मागणार नाही, मोबाइलवर आलेला आकडा कोणी विचारणार नाही, फी घेतली जाणार नाही. घरच्या मंडळींना बरोबर आणावे. पुष्कळ घरांत खरा आकडा बायकोला ठाऊक नसतो, आणि आमचा अनुभव असा की, तिला कळला म्हणजे हिशेब लवकर लागतो.