‘समकक्ष’ कोण ठरवणार?

(रत्नागिरी जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शेतकऱ्यांच्या मेळाव्यात आयटीआयच्या मास्तरांच्या भरतीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. आंब्यावर फवारायचा पंप बंद पडतो, पॉवर टिलर रुसतो, होडीचे इंजिन धूर ओकते. ते दुरुस्त करायला येणारा पोरगा बहुधा आयटीआयत शिकलेला असतो. त्याला शिकवायला निदेशकच नसला तर तो प्रमाणपत्र घेऊन येतो, हातात कसब घेऊन येत नाही.

२०२२ साली व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने शिल्प निदेशकांच्या १४५७ जागांची जाहिरात काढली. अशी जाहिरात निघाली की भांडण ठरलेले. एकाकडे आयटीआय, वर शिकाऊ उमेदवारी आणि कारखान्यातली वर्षे. दुसऱ्याकडे पदविका. तिसरा इंजिनिअर. प्रत्येक जण म्हणतो, माझे शिक्षण समकक्ष, नाहीतर वरचे.

मी कृषी पदवीधर आहे. माती परीक्षणाचा अहवाल वाचून दाखवीन, पण डिझेल इंजिनाचा नोझल खोलायला मला उभे करू नका. वरच्या पदवीच्या पोटात खालचे कसब आपोआप असते, हे खोटे. आयटीआयवाल्याला आकडेमोड जमत नाही, हेही तितकेच खोटे. केंद्राने आयटीआयच्या अभ्यासक्रमांत दोघांनाही जागा ठेवली आहे. पदवीला एक वर्षाचा अनुभव, पदविकेला दोन, आयटीआय किंवा शिकाऊ प्रमाणपत्राला तीन. दोन निदेशक असतील तेथे एक पदवी-पदविकेचा, दुसरा आयटीआयचा, आणि निदेशक प्रशिक्षणाचा दाखला दोघांकडेही हवा. दिल्लीचे कौतुक मी क्वचितच करतो, पण ही तरतूद शहाणपणाची आहे.

मग भांडण कोर्टात का जाते? केरळात वीज मंडळाच्या सब-इंजिनिअर पदाला पदविका हवी होती, अर्ज पदवीधरांनी केले. सुप्रीम कोर्टाने त्यांना पात्र धरले, कारण खालची पात्रता गृहीत धरणारी वरची पात्रता चालेल, असे तिथल्या नियमातच लिहिलेले होते. जम्मू-काश्मीरच्या वीज खात्यात तंत्रज्ञाला दहावी आणि आयटीआय हवे होते, अर्ज पदविकावाल्यांनी केले. तिथे असा नियम नव्हता. २०१८ साली तेच कोर्ट म्हणाले, समकक्षता ठरवणे हे भरती करणाऱ्या सरकारचे काम, आमचे नव्हे.

म्हणजे सगळा खेळ नियमातल्या एका ओळीचा. ती ओळ मोघम ठेवायची, परीक्षा घ्यायची, आणि कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर पोराला सांगायचे, तुझा दाखला चालत नाही! तोवर त्याची वयोमर्यादा उलटून जाते आणि वर्कशॉप तासिका तत्त्वावरच्या निदेशकावर चालते.

आपली मागणी नोकरीची नाही. कोणता दाखला कोणत्या ट्रेडला चालेल, याची नावानिशी यादी जाहिरातीसोबतच छापा. जो दाखला नाकाराल त्याचे कारण लेखी द्या. निकालानंतर यादी बदलू नका. हे निवेदन पुढची जाहिरात निघण्याआधी गेले पाहिजे, नंतर त्याचा उपयोग नाही. ज्यांच्या घरात असे दाखले अडकले आहेत त्यांनी सभा संपल्यावर झेरॉक्स आपल्या तालुक्याच्या कार्यकर्त्याकडे द्यावी. मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका, माझ्यासुद्धा.