चक्कर आणि डोक्याची योग्य हालचाल
कूस बदलताच घर गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते, अशा चकरेवर महिनोन्महिने गोळ्या घेऊन मूळ दुखणे जात नाही. कारण अंतर्कर्णातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरलेले असतात. डॉ. जॉन एपली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत रुग्णाचे डोके ४५ अंश वळवून त्याला आडवे करतात आणि टप्प्याटप्प्याने कूस पालटत कण मूळ जागी आणतात. तुलनात्मक चाचण्यांत ही कृती परिणामकारक ठरली आहे. चक्कर पुन्हा उद्भवते, हा आक्षेप खरा. पण कृतीही पुन्हा करता येते. मानेचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे. बेळगोळ गावच्या लोकांना तपासणीसाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था जवळच आहे. मात्र चकरेबरोबर बोलणे अडखळले किंवा हातपाय लुळे पडले, तर तडक रुग्णालय गाठा.