संग्रहात नव्याने आलेले नाणे

एखादे जुने नाणे हाती आले, की संग्राहकाच्या मनात दोन इच्छा एकाच वेळी जाग्या होतात. ते कोणाला तरी दाखवावे ही एक; आणि ते कोठून आले हे कोणाला सांगू नये ही दुसरी. पहिल्या इच्छेत आनंद आहे, दुसरीत व्यवहार. नाणे आणून देणारा सराफ, कासार किंवा मोडवाला उद्या दुसऱ्याच्या दारी जाऊ नये, एवढाच त्या मौनाचा हेतू असतो, आणि वरवर पाहता तो निरुपद्रवी वाटतो. परंतु भारतीय नाणकशास्त्राची या मौनाने जेवढी हानी केली आहे, तिच्याहून अधिक हानी बहुधा सोनाराच्या मुशीनेच काय ती केली असेल.

नाण्यावर राजाचे नाव असते, बिरुद असते, क्वचित साल असते. ते वाचता येते. परंतु ते कोणत्या गावच्या मातीत, कोणत्या भांड्यात आणि कोणत्या इतर नाण्यांच्या संगतीत सापडले, ही माहिती नाण्याच्या अंगावर कोठेही लिहिलेली नसते. ती ज्याने उचलले त्याच्याबरोबर येते, आणि त्याने सांगितली नाही तर त्याच्याबरोबरच जाते. संग्रहात नव्याने आलेल्या वस्तूविषयी चार जाणत्यांपुढे तत्काळ बोलावे, असा जो प्रघात जुन्या संग्राहकांत होता, त्याचे खरे कारण हे आहे.

राजस्थानात भरतपूरजवळ बयाणा म्हणून एक प्राचीन गाव आहे. १९४६ च्या फेब्रुवारी महिन्यात त्याच्या परिसरातील नगला छैला या खेड्याच्या शिवारात भरतपूरच्या महाराजांची शिकार झाली. शिकारीची मंडळी निघून गेल्यावर गावातली मुले रिकामी काडतुसे गोळा करावयास रानात गेली. काडतुसांऐवजी त्यांना मातीतून डोकावणारे तांब्याचे एक भांडे दिसले. भांडे सोन्याच्या नाण्यांनी भरलेले होते. गुप्त सम्राटांच्या सुवर्णनाण्यांचा एवढा मोठा निधी त्यापूर्वी कधीही उजेडात आला नव्हता.

पुढे जे घडले ते कोणत्याही खेड्यात घडले असते. नाणी घरोघर वाटली गेली. बातमी दरबारापर्यंत पोहोचली तेव्हा शोध सुरू झाला, आणि १,८२१ नाणी परत मिळाली. परंतु तोपर्यंत २८५ नाणी आटवली गेली होती. एका गुप्त दिनाराचे वजन सुमारे ८ ग्रॅम. म्हणजे त्या मुशीतून सव्वादोन किलोग्रॅमच्या आसपास सोने निघाले असावे. ज्यांनी ते आटवले त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या दृष्टीने मात्र ते सोने होते आणि ओळखू येणारे सोने धोक्याचे होते, एवढेच.

उरलेल्या नाण्यांचे भाग्य असे, की ती डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांच्या हाती आली. कोल्हापूरकडचे हे विद्वान बनारस येथे आणि पुढे पाटण्यास प्राचीन भारताचा इतिहास शिकवीत असत. त्यांनी एकूणएक नाणे पाहिले, तोलले, वाचले आणि बयाणा निधीची सविस्तर सूची १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातील हिशेब असा: पहिल्या चंद्रगुप्ताची १०, समुद्रगुप्ताची १८३, काच या राजाची १६, दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, पहिल्या कुमारगुप्ताची ६२८ आणि क्रमादित्य हे बिरुद असलेले, अळतेकरांच्या मते स्कंदगुप्ताचे, अवघे १.

या शेवटच्या एकाच नाण्याकडे क्षणभर लक्ष द्यावे. सोन्याच्या भावाने त्याची किंमत इतर कोणत्याही नाण्याएवढीच. पण निधी केव्हा पुरला गेला हे सांगणारे नाणे तेच. कुमारगुप्ताची कारकीर्द संपून नवे राज्य नुकतेच सुरू झाले असताना, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या मध्यानंतर लवकरच, कोणीतरी हे भांडे जमिनीत ठेवले आणि परत घेण्यास तो आला नाही. हूणांच्या स्वाऱ्यांचा तो काळ. हे एक नाणे गावातल्या वाटणीत दुसऱ्या घरी गेले असते, तर पुरण्याचा काळ काही वर्षांनी मागे सरकला असता आणि तो अनुमानाचा धागाच तुटला असता.

बयाण्याने अभ्यासकांना नवी चित्रेही दिली. समुद्रगुप्त वीणा वाजवीत बसला आहे अशी नाणी पूर्वीपासून ठाऊक होती. त्याचा नातू कुमारगुप्त यानेही वीणावादक प्रकारची नाणी पाडली होती, हे बयाण्याच्या भांड्याने सांगितले. त्याच कुमारगुप्ताचे दुसरे नाणे अधिक मौजेचे आहे. राजा घोड्यावर बसून गेंड्यावर वार करतो आहे, आणि मागील बाजूस मकरावर गंगा उभी आहे. भोवतालच्या लेखात राजाला ‘खड्गत्राता’ म्हटले आहे. संस्कृतात खड्ग म्हणजे तलवार आणि खड्ग म्हणजे गेंडाही. तलवारीने रक्षण करणारा तो खड्गत्राता, आणि गेंड्यापासून रक्षण करणारा तोही खड्गत्राता! रुपयाहूनही लहान अशा सोन्याच्या चकतीवर राजदरबारच्या कवीने केलेला हा श्लेष दीड हजार वर्षे मातीत पडून होता.

आणि चक्रविक्रम? दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या या नाण्यावर चक्राच्या प्रभेत उभी असलेली दिव्य मूर्ती राजाच्या हाती काही प्रसाद देत आहे, आणि मागे ‘चक्रविक्रमः’ अशी अक्षरे आहेत. हे स्वतः विष्णू, की त्याच्या आयुधाचे मानवी रूप, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. १,८२१ नाण्यांत असे नाणे एकच निघाले. आटवलेल्या २८५ नाण्यांत असे काही एकुलते एक होते काय, या प्रश्नाला आता उत्तर नाही.

जमिनीत सापडणाऱ्या धनासंबंधी कायदा आपल्याकडे १८७८ पासून आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधी सापडल्यास ते कलेक्टरास लेखी कळवावे, न कळविल्यास सापडणाऱ्याचा वाटा सरकारजमा व्हावा, आणि सरकारला तो निधी घ्यावयाचा असल्यास धातूची किंमत व तिचा एकपंचमांश एवढी रक्कम द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. सोन्याच्या बाबतीत हे ठीक. पण सातवाहनांची शिशाची नाणी घ्या. त्यांची धातू म्हणून किंमत ती काय, आणि तिचा पाचवा हिस्सा तो काय! अशा नाण्यांचे रक्षण कायद्यापेक्षा सापडणाऱ्याच्या जिज्ञासेवरच अधिक अवलंबून राहिले आहे.

बयाण्याचे मोल मुख्यतः दुर्मीळ नाण्यांत होते. याच्या अगदी उलट प्रकार चाळीस वर्षे आधी, १९०६ मध्ये, नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे घडला होता. तेथे चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी निघाली. नोंदलेला आकडा १३,२५० असा आहे. ती सारी एकाच राजाची, क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूस राजाचा मुखवटा व ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी व खरोष्ठी लेख. संग्रहाच्या दृष्टीने पाहिले तर असली दहा-पाच उत्तम नाणी ठेवली म्हणजे काम झाले. बाकीची पुनरुक्तीच.

तथापि रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो ढीग सबंध तपासला आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याची हकीकत दिली. त्यांच्या ध्यानी आले, की यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या ठशावर दुसराच ठसा मारलेला आहे. राजाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर बसविला आहे; मागे चार वर्तुळांचे उज्जयिनी चिन्ह आहे; आणि नाव आहे गौतमीपुत्र सातकर्णीचे. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून जुन्या राजाचे नाक किंवा हनुवटी अजून डोकावते.

याचे महत्त्व नाशिकच्याच पांडवलेण्यांतून कळते. तेथे नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. विणकरांच्या श्रेणीकडे त्याने २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने व आणखी १,००० पाऊण टक्क्याने ठेवले, इतका बारीक तपशील त्यांत आहे. त्याच टेकडीवर गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, आणि आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे ती माता त्यात सांगते. पण तिने पराभूत राजाचे नाव घेतलेले नाही. मातेचा अभिमान आणि राजघराण्याची प्रशस्ती; त्यातले किती खरे मानावे? जोगळटेंभीच्या नऊ हजार नाण्यांनी त्या वाक्याला पुष्टी दिली. नहपानाचा पैसा विजेत्याच्या टांकसाळीतून पुन्हा बाहेर पडला होता, आणि तोही बाजारात खुळखुळण्याइतक्या मोठ्या संख्येने. एखाद्या चोखंदळ संग्राहकाने त्या ढिगातून स्पष्ट चेहऱ्याची पन्नास नाणी निवडून घेतली असती आणि दुहेरी ठशांची ‘बिघडलेली’ नाणी सराफाला विकली असती, तर हा पुरावा हरपला असता. चिंच-लिंबाने घासून नाणे लखलखीत करण्याची सवयही याच जातीची आहे. घासणाऱ्याला चांदी दिसते, पण खालचा ठसा झिजतो.

पदकांची गोष्ट थोडी निराळी. नाण्यावर राजाचे नाव, तर लष्करी पदकावर शिपायाचे. पहिल्या महायुद्धानंतर दिलेल्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर ज्याला ते मिळाले त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. लढणाऱ्या शिपायांना ते चांदीचे मिळाले. भारतातून गेलेल्या मजूर-तुकड्यांतील व लष्कराबरोबरच्या नोकरवर्गातील पुष्कळांना मात्र ब्राँझचे. आकृती तीच, धातू वेगळा. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियात कूत येथे वेढलेल्या फौजेला शरण जावे लागले, तीत ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. अशा पलटणींत भरती झालेल्यांची पदके कित्येक वर्षे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घरांत देव्हाऱ्याशेजारी किंवा ट्रंकेच्या तळाशी पडून राहिली. घरात त्यांना ‘बिल्ला’ म्हणत.

चांदीचे पदक अडीनडीला मोडीत जाई, यात नवल नाही. ब्राँझचे पदक मोडीत काही देत नसे म्हणून कित्येकदा उरले, आणि अशा रीतीने ज्याचा मान कमी ठरविला होता त्या मजुराचे नाव शिपायाच्या नावापेक्षा अधिक काळ टिकल्याची उदाहरणे घडली. ही पदके आज संग्राहकांकडे येतात ती मात्र बहुधा विस्कटून. एकाच माणसाला मिळालेला १९१४-१५ चा तारा एका गावी, युद्धपदक दुसऱ्या शहरात, आणि विजयपदक तिसऱ्याच कोणाच्या पेटीत. तीनही वस्तूंवर तोच क्रमांक आणि तेच नाव असते. ते तिघे संग्राहक आपापल्या पेटीतील नवी भर एकमेकांना दाखवतील, कडेवरची बारीक अक्षरे भिंगाखाली वाचून दाखवतील, तेव्हाच ती तीन पदके एका माणसाची आहेत हे कोणाच्या तरी लक्षात येईल; आणि त्या नावाचे घर अजून त्या गावी असेल, तर त्यांनाही ते कळवता येईल.