मुक्या सोबत्यांचा आधार

धास्ती हा असा रोग आहे कीं, तो ज्याला जडतो त्यालाच तो इतरांना पटवून द्यावा लागतो. ताप आला तर थर्मामीटर साक्ष देतो, हाड मोडलें तर क्ष-किरणांचें चित्र साक्ष देतें. परंतु छातींत विनाकारण धडधड सुरू झाली, हातपाय गार पडले आणि आतां कांहींतरी भयंकर होणार असें मन सांगूं लागलें, तर त्याला साक्षीदार कोणी नसतो. घरचीं माणसें मायेनें विचारतात, "झालें तरी काय?" या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळें रोग्याची धास्ती उलट वाढते. अशा वेळीं ज्याला कांहींच विचारावयाचें नसतें असा सोबती म्हणजे मांडीवर येऊन बसणारें मांजर किंवा पायाशीं अंग टाकून पडणारा कुत्रा. चिंतेच्या दुखण्यांत, आणि विशेषतः त्या दुखण्यावर घेतलेलें औषध सोडण्याच्या कठीण दिवसांत, या मुक्या सोबत्यांचा आधार कितपत मिळतो व तो कोठें अपुरा पडतो, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम औषधाविषयीं. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनांतून निघालेलें क्लोरडायाझेपॉक्साईड हें औषध १९६० सालीं प्रचारांत आलें आणि त्यामागून १९६३ सालीं डायाझेपाम आलें. या वर्गांतील औषधांस बेन्झोडायाझेपिन असें म्हणतात. मेंदूंतील पेशींची चळवळ आवरून धरणारें 'गाबा' नांवाचें एक द्रव्य आहे. त्याचें कार्य हीं औषधें अधिक प्रभावी करितात. गाडीचा लगाम जरा आंखडून धरावा तसा हा प्रकार होय. अर्ध्या घटकेंत मन निवळतें, झोंप लागते, आणि रोग्याला वाटतें कीं, सुटका झाली. थोड्या दिवसांच्या संकटासाठीं हीं औषधें खरोखरच उपकारक आहेत. परंतु महिनेच्या महिने तीं घेतलीं म्हणजे मेंदू त्यांच्या सोबतीला सरावतो, आणि आपला स्वतःचा लगाम ढिला सोडतो. मग औषध एकाएकीं थांबविलें तर घोडा उधळावा तसें होतें. मूळची धास्ती दुणावून परत येते, झोंप उडते, हात कांपतात, उजेड व आवाज सोसत नाहींत. आणि कित्येकांना आंकडी येऊन प्रसंग जिवावरही बेततो.

हें दुखणें आहे, मनाचा दुबळेपणा नव्हे, ही गोष्ट ज्यांनीं चिकाटीनें मांडली त्यांत प्राध्यापिका हेदर ॲश्टन यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. त्यांचा जन्म १९२९ सालीं आपल्याच देशांत, डेहराडून येथें झाला. इंग्लंडांतील न्यूकॅसल शहरीं त्यांनीं १९८२ पासून १९९४ पर्यंत केवळ हीं औषधें सोडूं इच्छिणाऱ्या लोकांकरितां एक चिकित्सालय चालविलें. तेथें आलेल्या सुमारें ३०० रोग्यांच्या अनुभवावरून त्यांनीं मार्गदर्शक पुस्तिका लिहिली, आणि ती पुढें अनेक देशांत वाचली गेली. त्यांच्या पद्धतीचें सार असें कीं, औषध तोडावयाचें नाहीं, उतरवावयाचें. मात्रा अगदीं थोडथोडी कमी करावयाची, मध्यें शरीराला सरावूं द्यावयाचें, आणि या कामास महिने लागोत कीं वर्ष लागो, घाई करावयाची नाहीं. लवकर उतरून जाणाऱ्या औषधाच्या जागीं, शरीरांत अधिक काळ टिकणारें डायाझेपाम देऊन मग तें कमी करीत जाणें, हाही त्या पद्धतीचा भाग होता. २०१९ सालीं ॲश्टनबाई निवर्तल्या. पण सावकाश उतरण्याचें त्यांचें तत्त्व आज सर्वमान्य झालेलें आहे.

या सावकाश उतरण्याच्या काळांतच मुक्या सोबत्याचें महत्त्व ध्यानांत येतें. वैद्य आठवड्यांतून किंवा महिन्यांतून एकदां भेटतो; धास्ती मात्र रात्रीं तीन वाजतां येते. घरांतलीं माणसें दिवसभर श्रमून झोंपलेलीं असतात, आणि त्यांना पुन्हा पुन्हा उठविण्याची रोग्याला लाज वाटते. त्या घटकेला दोन मोह समोर उभे राहातात: एक, ठरल्यापेक्षां एक गोळी अधिक घ्यावी, दुसरा, या सर्व त्रासाला कंटाळून डबीच फेंकून द्यावी. दोन्ही मार्ग घातक. तेवढी घटका टळली पाहिजे, आणि ती टळण्यासाठीं मनाला धरून ठेवणारें कांहींतरी हाताशीं पाहिजे. मांजराच्या पाठीवरून हात फिरवीत बसलेल्या माणसाच्या हाताखालीं एक ऊबदार, जिवंत, निर्धास्त शरीर असतें. त्याचा श्वास संथ चाललेला असतो. त्या लयीकडे लक्ष गेलें कीं, स्वतःच्या हृदयाचे ठोके मोजण्याचा नाद क्षणभर तरी सुटतो.

या अनुभवाचें एक जुनें व विश्वसनीय उदाहरण इंग्रज कवि विल्यम कौपर यांच्या चरित्रांत आढळतें. १७३१ सालीं जन्मलेल्या या कवीला तरुणपणापासून भयाचे व विषादाचे झटके येत. १७६३ सालीं त्यांनीं आत्मघाताचा प्रयत्न केला, आणि त्यांना सेंट ऑल्बन्स येथील एका मनोरुग्णालयांत राहावें लागलें. १७७३ मध्यें तोच विकार पुन्हा उसळला. पुढील सालीं, ओल्नी या गांवीं राहात असतां, शेजारच्या मुलांना मिळालेलें सशाच्या जातीचें एक रानटी पिल्लूं त्यांच्याकडे आलें. मुलें त्याची हेळसांड करीत होतीं म्हणून त्यांनीं तें ठेवून घेतलें. ही वार्ता पसरतांच गांवकऱ्यांनीं आणखी पुष्कळ पिल्लें आणून दिलीं, त्यांतलीं तीन त्यांनीं पाळलीं. पुस, टायनी व बेस अशीं त्यांचीं नांवें होतीं. त्यांतलीं दोन नांवें मादीचीं, तरी तिघेही नर होते.

पुढें १७८४ सालीं 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत कौपर यांनीं या सशांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या काळीं पुस्तकांत वा माणसांत मन रमेना, म्हणून थकवा न आणतां लक्ष गुंतवील असें कांहींही त्यांना हवें होतें, असें त्यांनीं तींत स्पष्ट सांगितलें आहे. त्यांनीं स्वतः सुतारकाम करून सशांना निरनिराळीं घरें बांधून दिलीं. संध्याकाळीं ते दिवाणखान्यांत येऊन गालिच्यावर बागडत. एकदां पुस आजारी पडला तेव्हां त्यांनीं त्याची शुश्रूषा केली. बरा झाल्यावर त्यानें त्यांचा हात पुढून, मागून, बोटाबोटांच्या मधून चाटून काढला. टायनी मात्र अखेरपर्यंत तुसडाच राहिला, आणि तरीही कौपर यांचा लोभ त्याच्यावर कमी झाला नाहीं. पुस जवळजवळ बारा वर्षें जगला. परंतु कौपर यांचा मूळ विकार कायमचा गेला नाहीं; १७८७ सालीं तो पुन्हा आला, आणि शेवटचीं वर्षें तर फारच दुःखांत गेलीं. सशांनीं रोग बरा केला नाहीं. रोग असतांना जगण्याजोगीं वर्षें मात्र दिलीं. या दोन गोष्टींतील भेद विसरतां कामा नये.

कवीला जें आपोआप गवसलें तें संस्थांनीं पुढें जाणूनबुजून केलें. १७९६ सालीं विल्यम ट्यूक यांच्या पुढाकारानें इंग्लंडांतील यॉर्क शहरीं 'रिट्रीट' नांवाचें मनोरुग्णांचें आश्रयस्थान उघडलें. जेथें इतरत्र सांखळदंड होते तेथें याठिकाणीं सौम्य वागणूक होती. तेथील अंगणांत ससे, समुद्रपक्षी, ससाणे व कोंबड्या ठेविल्या होत्या, असें सॅम्युअल ट्यूक यांनीं १८१३ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. ज्याला सर्वांनीं परावलंबी ठरविलें, त्याच्यावरच एखादा जीव अवलंबून राहिला म्हणजे त्याचें मन सावरतें, हा त्यांतील हेतु. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनींही १८५९ सालीं शुश्रूषेवर लिहितांना दीर्घकाळ खितपत पडलेल्या रोग्याला लहानसा पाळीव प्राणी ही उत्तम सोबत असल्याचें सांगितलें. पुढें १९६२ सालीं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनीं, आपला 'जिंगल्स' नांवाचा कुत्रा जवळ असतां अबोल मूल कसें बोलतें झालें, याचें वर्णन शास्त्रीय नियतकालिकांत केलें. तेव्हांपासून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

त्या अभ्यासांतून काय निघालें? २००२ सालीं कॅरेन ॲलन व त्यांचे सहकारी यांनीं २४० दांपत्यांची परीक्षा घेतली. कठीण तोंडी हिशेब व थंडगार पाण्यांत हात बुडवून धरणें अशा ताणाच्या प्रसंगीं, जवळ पति वा पत्नी असण्यापेक्षां स्वतःचा कुत्रा किंवा मांजर असतां हृदयाची गति व रक्तदाब कमी चढले. याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. माणूस, मग तो कितीही प्रेमाचा असो, उत्तर चुकलें हें जाणतो. कुत्र्याला तें ठाऊकच नसतें. २०१९ सालीं वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठांत २४९ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. जे दहा मिनिटें कुत्र्यामांजरांना गोंजारीत बसले, त्यांच्या लाळेंतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशीं निगडित असलेलें द्रव्य, नुसतें पाहात बसलेल्यांपेक्षां कमी आढळलें.

तथापि या निष्कर्षांचा अर्थ मर्यादेंतच घेतला पाहिजे. दहा मिनिटांचा दिलासा म्हणजे दहा महिन्यांचा उपचार नव्हे. आणि पाळीव प्राणी बाळगणाऱ्यांचें मन सरसकट अधिक स्वस्थ असतें, असें सर्व पाहण्यांत आढळलेलें नाहीं. औषधाची मात्रा किती व केव्हां उतरवावयाची हें कुत्रा ठरवीत नाहीं, तें वैद्यच ठरवितो. सोबतीला जीव आहे म्हणून औषध झपाट्यानें सोडण्याचें धाडस कोणी करील तर त्याची गत वाईट होईल. आपल्याकडे या वर्गांतील बहुतेक गोळ्या वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी आहे. तरीही शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्या घेणारे व शेजाऱ्याच्याच सांगण्यावरून त्या एकदम टाकणारे आढळतात. त्यांनीं पहिली पायरी वैद्याकडे चढावी. मनाची स्थिति आवरेनाशी झाली तर सरकारनें २०२२ पासून चालविलेली टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनि-सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

दुसरी मर्यादा प्राण्याच्या बाजूची. आधार ही एकतर्फी वस्तु नाहीं. स्वीडनमधील संशोधकांनीं २०१९ सालीं ५८ कुत्र्यांच्या व त्यांच्या मालकिणींच्या केसांतील कॉर्टिसोल तपासलें, तेव्हां मालकिणीचा दीर्घकालीन ताण कुत्र्याच्या ताणाशीं जुळता आढळला. म्हणजे घरांत धास्ती नांदत असेल तर तिचा भार त्या मुक्या जीवावरही पडतो. म्हणून दुखण्याच्या ऐन भरांत, केवळ औषध म्हणून, नवें पिल्लूं घरीं आणणें शहाणपणाचें नाहीं. पिल्लूं रात्रीं रडतें, तुडवातुडव करितें, त्याला लशी टोंचाव्या लागतात; ज्याची स्वतःची झोंप उडालेली आहे त्याला हा नवा भार पेलवेलच असें नाहीं. जनावर आधींपासून घरांत असेल तर त्याच्या खाण्यापिण्याची जबाबदारी घरांतील आणखी एकानें वाटून घ्यावी, आणि नसेल तर शेजारच्या कुत्र्याला सकाळीं फिरावयास नेण्यानें, अंगणांत पांखरांना दाणे टाकण्यानेंही पुष्कळ साधतें.

कारण खरा लाभ गोंजारण्याइतकाच नेमांत आहे. धास्तीनें गांठलेला माणूस उठावयास तयार नसतो, दार उघडावयास भितो, उद्यांच्या कल्पनेनेंच खचून जातो. कुत्र्याला उद्यां ठाऊक नसतो. सहा वाजले कीं त्याला बाहेर जावयाचें असतें आणि आठ वाजले कीं भाकरी हवी असते. तो दारापाशीं जाऊन उभा राहातो. कोणी समजूत घालून जें होत नाहीं तें त्या उभें राहण्यानें होतें, कारण त्यांत उपदेश नसतो, गरज असते. माणूस चपला घालतो, रस्त्यावर येतो, सकाळचें ऊन अंगावर घेतो. दिवसाला सकाळ, दुपार आणि संध्याकाळ असे तीन खांब पुन्हा मिळतात. औषधाची मात्रा आठवड्या-आठवड्यानें उतरते. मधले दिवस असेच एकेक करून ओलांडावयाचे असतात.

महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिरानें स्वर्गाच्या दाराशीं आलेला असतांही बरोबर चालत आलेल्या कुत्र्याला सोडण्याचें नाकारलें, ही कथा घरोघरीं ठाऊक आहे. तिचा धर्मदृष्ट्या अर्थ कांहींही असो. जो शेवटपर्यंत बरोबर चालला त्याला टाकूं नये, एवढा व्यवहार तींत निश्चित आहे. दुखण्यांतून बाहेर पडलेल्या माणसानें हें लक्षांत ठेवावें. गोळ्यांची डबी रिकामी झाली, झोंप परत आली, माणसांत मिसळणें पुन्हा सुरू झालें, म्हणजे कठीण दिवसांतल्या त्या सोबत्याचा विसर पडण्याचा संभव असतो. त्याचें फिरणें, त्याचें पाणी, त्याच्या लशी आणि त्याचें म्हातारपण हीं मात्र राहिलेलींच असतात. आधार दिला त्याला आधार द्यावयाचा, हें एक कर्तव्य. आणि घरांत कोणी अशा दुखण्याशीं झुंजत असेल तर त्याला प्रश्नांनीं भंडावून न सोडतां थोडा वेळ नुसतें त्याच्याजवळ बसावें, हें दुसरें. ही विद्या त्या मुक्या जनावराकडून माणसांनाही शिकण्यासारखी आहे.