उष्णतेचा जमाखर्च



इमारती गार आणि पाणी गरम ठेवण्याच्या योजनेवर कामगार संघटनेच्या माणसाने काय बोलावे, अशी कुजबूज आमच्या कानांवर आली आहे. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. जे समजले ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसांकडून. परंतु हा विषय जितका इंजिनिअरांचा, तितकाच घामाचा आहे, आणि घामाशी आमचा संबंध जुना आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोणतेही यंत्र गारवा तयार करीत नाही. मोट जशी विहिरीतले पाणी काढून पाटात ओतते, तसे ते खोलीतली उष्णता काढून बाहेर ओतते. आपण खोलीत बसून म्हणतो, काय छान गार झाले! पाट कोणाच्या दारात गेला ते आपण पाहत नाही.

आता हिशोब मांडू. एक टनाचे यंत्र म्हणतात, तो टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषून घेतो, तो हा वेग. ताशी सुमारे ३,००० किलोकॅलरी. यंत्राने तासाभरात खाल्लेली सुमारे एक युनिट वीजही शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे पूर्ण भाराने चाललेले यंत्र तासाला ३,८०० किलोकॅलरी गल्लीत टाकते. उलट, शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नास अंशांवर न्यायला लागतात ३,००० किलोकॅलरी. एका खोलीतले यंत्र तासाभरात पाच बादल्या आंघोळीच्या पाण्याची उष्णता फेकून देते, आणि त्याच लॉजच्या गच्चीवर तेवढेच पाणी तापविण्यासाठी मालक साडेतीन युनिट वीज विकत घेतो! घरातली गृहिणी असा संसार एक दिवस चालू देणार नाही.

शिर्डीसारखे गाव या हिशोबासाठी मुद्दाम निवडावे असे आहे. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर, थंडीत पहाटे बोटे आखडतात, आणि काकड आरतीला जायचे म्हणून बारा महिने अंधार असतानाच हजारो माणसांना आंघोळीचे गरम पाणी हवे. त्यात भर चादरी धुण्याची आणि भांडी घासण्याची. गार आणि गरम या दोन्ही गरजा एकाच छपराखाली आहेत. मग त्यांचे नकाशे दोन वेगळ्या माणसांनी, एकमेकांचे तोंड न पाहता का काढावेत?

एकाच उष्णतेकडून दोन कामे करून घेणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. साखर कारखान्यात वाफ आधी टर्बाइन फिरविते आणि मग दाब उतरलेली तीच वाफ उसाचा रस आटविते. दूध संघातही तसेच: बहात्तर अंशांपर्यंत तापलेले दूध गार व्हायला निघते, ते वाटेत आत येणाऱ्या थंड दुधाला आपली ऊब देऊन जाते. आणि खुद्द शिर्डीत २००९ साली साई संस्थानच्या प्रसादालयावर सोळा सोळा चौरस मीटरच्या ७३ आरसेतबकड्या बसविल्या गेल्या. सूर्याकडे तोंड करून त्या पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर अन्न शिजते, अशी ही योजना. वाफेने गारवाही मिळतो, हे ऐकून काही जण हसतील. पण फ्रान्सच्या फर्दिनां कारे यांनी १८५९ साली उष्णतेवर चालणारे बर्फाचे यंत्र केले होते, आणि पुण्याची थरमॅक्स कंपनी वाफेवर चालणारी शीतयंत्रे बनवते. वडोदऱ्याजवळ गोरजच्या मुनी सेवा आश्रमात तर अशाच तबकड्यांच्या वाफेवर रुग्णालय गार करण्याचा प्रयोग झाला.

तथापि या कामातली खरी अडचण वेळेची आहे. गारवा हवा भर दुपारी, गरम पाणी हवे पहाटे चारला. तेव्हा दोहोंच्या मध्ये कोठार पाहिजे, म्हणजे जाड वेष्टणाची मोठी टाकी. ही टाकी कोमट ठेवून चालत नाही, कारण कोमट साठ्यात न्यूमोनिया आणणारे जंतू वाढतात. पाणी साठ अंशांवर राखावे लागते, आणि तितके तापवायचे तर यंत्राला वीजही थोडी जास्त लागते. डिसेंबरात खोल्या गार करायच्याच नसतात, मग उष्णता आणायची कोठून? त्या दिवसांत यंत्राने ती बाहेरच्या हवेतून घ्यावी, अशी सोय मुळातच ठेवावी लागते. ज्याने ही ऋतूंची वही आधी लिहिली नाही, त्याची योजना पहिल्याच हिवाळ्यात बंद पडते.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. १९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यात विलिस कॅरियर यांनी हवा नियंत्रित करणारे यंत्र योजले, ते दमट हवेने कागद बिघडतो म्हणून. छापणाऱ्याला घाम येतो म्हणून नव्हे. कापडगिरण्यांच्या विणाईखात्यात सूत तुटू नये म्हणून हवेत वाफ सोडीत, माणूस गुदमरला तरी चाले. त्यावर विलायतेत १८८९ साली कायदा करावा लागला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या तेराव्या कलमाने कामाच्या जागी खेळती हवा आणि सुसह्य तपमान मागितले होते. ते कलम कामगारांच्या सभांत आम्ही अनेक वेळा वाचून दाखविले आहे.

एका लॉजचा धोबीखाना आम्ही पाहिला. खिडकी एकच, आणि तिच्यासमोर वरच्या खोल्यांच्या आठ यंत्रांची तोंडे! आत इस्त्री, बाहेरून ती धग. भाविक वर निवांत झोपलेले, त्यांचा दोष मुळीच नाही. नकाशा काढताना धोबीखान्यातली माणसे मोजायचे राहून गेले होते, एवढेच. म्हणून नव्या इमारतीच्या नकाशावर दोन ओळी मागाव्यात, असे आमचे म्हणणे आहे: उपसलेली उष्णता कोठे जाते, आणि स्वयंपाकघरात व धोबीखान्यात मे महिन्याच्या दुपारी किती अंश असतील.

एक चिठ्ठी आली आहे. 'जुन्या लॉजवाल्याने काय करावे?' प्रश्न रास्त आहे. त्याला सगळ्या भिंती फोडणे परवडणार नाही. त्याने विजेची सळई काढून पाणी तापविणारा उष्णतापंप बसवावा. तो हवेतली उष्णता पाण्यात घालतो, आणि विजेचा खर्च साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो. असे करताना त्याच्या दुसऱ्या तोंडातून गार हवा निघते. बहुतेक ठिकाणी ती गच्चीवर फुकट जाते. एक पत्र्याची नळी घालून ती इस्त्रीच्या खोलीत सोडावी, आणि टाकी रात्री न तापविता इस्त्री चालू असेल त्याच वेळी तापवावी.