फाइलची किंमत
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरात पेशवाईपासून मराठी वस्ती आहे. महाराष्ट्रातून यात्रेला गेलेल्या कुटुंबापुढे तीर्थोपाध्याय आपली वही उघडतात आणि यजमानाला त्याच्या आजोबा-पणजोबांची नावे वाचून दाखवतात. यजमान दक्षिणा देतो, आपले नाव खाली लिहितो आणि परततो. वही मात्र उपाध्यायांच्या घरीच राहते. ती विकत मागावी असे कोणाच्या मनातही येत नाही.

छायाचित्रकाराची निगेटिव्ह ही एकेकाळी अशीच वही होती. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली भारतात आला. हिमालयाप्रमाणेच त्याने काशीचे घाट आणि मणिकर्णिकेजवळची देवळेही टिपली. १८७० साली तो मायदेशी परतला. परंतु त्याच्या काचेच्या निगेटिव्ह क्रमांक घालून ‘बोर्न अँड शेफर्ड’ या पेढीतच राहिल्या. गिऱ्हाइकाने सूचीतला क्रमांक सांगावा आणि पेढीने प्रत काढून द्यावी, असा तो व्यवहार होता. छायाचित्र टिपणारा सातासमुद्रापार निघून गेल्यावरही त्याच्या चित्रांची विक्री चालूच राहिली. १९९१ साली पेढीच्या कोलकात्यातील इमारतीला आग लागली आणि तो संग्रह भस्मसात झाला. २०१६ साली पेढीही बंद झाली.

साठ वर्षांपूर्वी शाळा सुरू झाली, तेव्हा वर्गाच्या छायाचित्राचा व्यवहार याच रीतीचा होता. निगेटिव्ह स्टुडिओत राही आणि पालक प्रतीमागे पैसे देत. कागद, रसायने आणि अंधाऱ्या खोलीतले श्रम डोळ्यांना दिसत असल्यामुळे त्या पैशांविषयी कोणाची तक्रार नसे. आता कागद गेला आणि फाइल आली. फाइलची दुसरी प्रत काढायला क्षणभराचा वेळ लागतो, खर्च काहीच नाही. मग तिचे पैसे कशाचे, हा ग्राहकाचा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो.

वाराणसीत आज हा प्रश्न रोज उभा राहतो. लग्न ठरलेली जोडपी अस्सी घाटावर पहाटे नाव ठरवतात, सूर्योदय गाठतात, पंचगंगेपर्यंत जातात. सकाळ संपेपर्यंत कॅमेऱ्यात हजार-बाराशे चित्रे साठलेली असतात. मुलीचे वडील म्हणतात, “सगळे फोटो पेनड्राइव्हमध्ये घालून द्या, पैसे दिलेच आहेत ना?” छायाचित्रकाराला त्यांपैकी पन्नास निवडून, रंग-उजेड सुधारून द्यायचे असतात. दोघेही प्रामाणिक असतात आणि तरीही वाद होतो. पैसे नेमके कशाचे, हे आधी कोणी बोललेलेच नसते.

हिशेब मांडून पाहावा. समजा, अशा एका छायाचित्रकाराचा घरखर्च, कॅमेरा-लेन्सची झीज, संगणक, हार्ड डिस्क आणि मदतनीस मिळून वर्षाचा खर्च सहा लाख रुपये आहे. त्याला चित्रणाचे दिवस किती मिळतात? श्रावण-भाद्रपदात गंगा चढते आणि घाट पाण्याखाली जातात. पितृपक्षात आणि डिसेंबर-जानेवारीतल्या खरमासात उत्तर भारतात लग्नकार्ये थांबतात. मे-जूनमध्ये दगडी पायऱ्यांवर पाय ठेववत नाही. वर्षाला चाळीस दिवस मिळाले, तर एका दिवसामागे पंधरा हजार आल्यावाचून ताळमेळ बसत नाही. आणि त्या एका दिवसामागे निवड व संस्कार करण्याचे आणखी दोन-तीन दिवस जातात. मध्यम प्रतीच्या कॅमेऱ्याच्या शटरचे आयुष्य दीड-दोन लाख चित्रांचे धरतात. तेव्हा सव्वाशे ते दोनशे सकाळींत ते संपते. आठ हजारांत सगळी फाइल हवाली करणारा स्वस्त वाटतो खरा, पण तो आपलाच कॅमेरा खाऊन जगत असतो.

म्हणून जाणते व्यावसायिक दराचे दोन भाग करतात. एक भाग दिवसाच्या श्रमांचा, दुसरा फाइलींचा. फाइल लहान की मोठी, हेही त्यात येते. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची पूर्ण फाइल सहा हजार गुणिले चार हजार बिंदूंची असते. इंचाला तीनशे बिंदू या हिशेबाने तिचे वीस इंच लांबीचे स्वच्छ चित्र निघते. मोबाइलवर पाठवण्यासाठी दोन हजार बिंदूंपर्यंत लहान केलेली फाइल सात इंचांच्या पुढे जात नाही. दोन्हींचा दर सारखा असण्याचे कारण नाही. कॅमेऱ्यातली मूळ ‘रॉ’ फाइल म्हणजे आजची निगेटिव्ह. ती सहसा दिली जात नाही आणि ती न देण्यात लबाडी नाही.

घरच्या भिंतीवर लागणाऱ्या चित्रापेक्षा व्यापाराच्या चित्राची गोष्ट वेगळी. बनारसी साडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एखादा व्यापारी घाटावर साड्यांचे चित्रण करून घेतो. तीच फाइल त्याने वर्षभर आपल्या दुकानाच्या संकेतस्थळावर वापरली, तर एक दर. देशभराच्या फलकांवर लावली, तर दुसरा. ‘हे चित्र इतर कोणाला द्यायचे नाही’ अशी अट घातली, तर दर सर्वांत जास्त, कारण त्या अटीने पुढची सारी विक्री बंद होते. येथे विकली जाते ती परवानगी: कोठे, किती काळ आणि कशासाठी.

मात्र कायद्याची एक बाजू अनेक छायाचित्रकारांच्याही ध्यानात नसते. अमेरिकेत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या छायाचित्रकाराकडेच सामान्यतः स्वामित्वहक्क राहतो. तिकडचे व्हिडिओ पाहून इकडचे तरुण दरपत्रकावर ‘सर्व हक्क आमचे’ असे छापतात. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ याचे कलम १७ वेगळेच सांगते. मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक ते काढून घेणारा. म्हणजे मुलीचे वडील किंवा साडीचा व्यापारी. नुसत्या दरपत्रकाचा भरवसा धरू नये. काम घेण्यापूर्वी दोघांच्या सह्यांचा करार व्हावा. हक्क पुढे लेखी हस्तांतरित करतानाही मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता, असे कलम १९ मानते. चित्राचा कर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा अधिकार मात्र हक्क विकल्यानंतरही छायाचित्रकाराचाच. तो कलम ५७ चा. नाव छापायला पैसे पडत नाहीत, तरीही ते गाळले जाते, हे खेदाने म्हणावे लागते.

कोणी न सांगता, आपल्या खर्चाने माघातल्या धुक्यात उभे राहून टिपलेली पहाट ही छायाचित्रकाराची स्वतःची. ती तो दिनदर्शिकेला, हॉटेलला, प्रकाशकाला, दहा जणांना दहा वेळा देऊ शकतो. उपाध्यायांच्या वहीसारखी ती फाइल त्याच्या घरात राहते आणि दक्षिणा येत राहते. मणिकर्णिकेवरची चिता मात्र टिपू नये, असा तेथला संकेत आहे. त्या चित्राचा दर ठरवण्याचा प्रश्नच येत नाही.

या स्मरणिकेपुरते पाहू. हीरकमहोत्सवाच्या चित्रणासाठी समितीने छायाचित्रकार नेमताना एक पानभर करार करावा: फाइली किती, कोणत्या आकाराच्या, स्मरणिकेखेरीज शाळेच्या संकेतस्थळावर चालतील का, पालकांना प्रती कोण देणार, मूळ फाइली किती वर्षे जपल्या जाणार. मुलांचे चेहरे छायाचित्रकाराने स्वतःच्या जाहिरातीत वापरू नयेत, हेही त्यातच लिहावे. फाइली दोन ठिकाणी ठेवाव्यात, एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर. कोलकात्याची आग विसरू नये. आणि माजी विद्यार्थ्यांनी घरच्या अल्बममधली जुनी वर्गचित्रे स्कॅन करून पाठवताना मागची बाजूही स्कॅन करावी. तेथे बहुधा स्टुडिओचा शिक्का असतो, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला निगेटिव्हचा क्रमांक.